कूलरची टाकी, वाटीतलं डकवीड आणि पेंचचा वाघ: सजीवांची संख्या कशी वाढते, कुठे अडते, हे स्वतः मोजून पाहा

नागपुरात पहिला दमदार पाऊस झाला की कूलर बंद होतात. टाकीतलं पाणी मात्र बऱ्याच घरी तसंच राहतं. आठवड्याभरानं खसची जाळी काढून टॉर्च मारला की पाण्यात वळवळणाऱ्या डासअळ्या दिसतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्या डासानं रक्त पिऊन पुन्हा अंडी घालायला अजून चार-पाच दिवस. शंभरांत निम्म्या माद्या धरा आणि एकही मरत नाही असं समजा. पहिल्या पिढीत ५० माद्या, दुसरीत २,५००, तिसरीत १,२५,०००. म्हणजे दीड महिन्यात एका मादीच्या सव्वा लाख माद्या.

प्रत्यक्षात असं होत नाही. का होत नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. मुलं संख्यावाढीचा ‘जे’ आकाराचा (न थांबता चढणारा) आणि ‘एस’ आकाराचा (चढून सपाट होणारा) आलेख छान काढून दाखवतात, पण त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात एकदाही कुठल्या सजीवाची संख्या वाढताना मोजलेली नसते. मोजल्याशिवाय हा विषय अंगात मुरत नाही. म्हणून पुढची रीत: एक महिना, तीन वाट्या आणि एक वही. मुलांना करता येईल, घरच्या कोणालाही करता येईल.

पायरी १: कोणाची आणि कुठली संख्या, ते आधी लिहा

वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहायचं: मी कुठल्या जातीची, कुठल्या हद्दीतली संख्या मोजतो आहे. ‘फुटाळा तलावावरचे पक्षी’ ही एक संख्या नव्हे, त्यात पंधरा-वीस जाती असतील. ‘आमच्या कूलरच्या टाकीतल्या एडिसच्या अळ्या’ ही संख्या आहे. ‘पेंच व्याघ्र प्रकल्पातले प्रौढ वाघ’ हीसुद्धा आहे, फक्त तिची हद्द ठरवणं अवघड आहे, कारण वाघ हद्दीचा नकाशा पाहून फिरत नाही. हे वाक्य न लिहिता मोजायला बसलं की पुढचे सगळे आकडे घसरतात. दोन मिनिटांचं काम आहे, ते टाळू नका.

पायरी २: वाटीत शेती लावा

सुरुवातीला डकवीड घ्या. साचलेल्या पाण्यावर, गावतलावाच्या कडेला टिकलीएवढी हिरवी पानं तरंगताना तुम्ही पाहिली असतील, तीच ही वनस्पती. मासे-टाक्यांच्या दुकानातही मिळते. तिचं फूल क्वचितच दिसतं. एका पानाच्या कडेला खिसा असतो, त्यातून नवं पान बाहेर येतं, थोडे दिवस चिकटून राहतं आणि सुटतं. पिल्लू आईच्या डोळ्यांदेखत जन्मतं, म्हणून मोजायला यासारखं दुसरं काही नाही.

चार बोटं रुंद तोंडाच्या तीन सारख्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाट्या घ्या. मोठं टब घेऊ नका. भांडं मोठं असेल तर ते भरायला महिने लागतात आणि उत्साह आधी संपतो. नळाचं पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा, म्हणजे त्यातला क्लोरीनचा वास जाईल. चमचाभर कुजलेलं शेणखत ग्लासभर पाण्यात ढवळून, गाळून घ्या. फिक्क्या चहासारखा रंग पुरे. जास्त घट्ट झालं तर शेवाळ माजतं.

पहिल्या वाटीत खताचं पाणी. दुसरीत साधं पाणी. तिसरीत पुन्हा खताचं पाणी, पण ती सावलीत ठेवायची. पहिल्या दोन वाट्या खिडकीशी, जिथे उजेड भरपूर पण दुपारचं ऊन थेट नाही. प्रत्येक वाटीत स्वच्छ धुतलेली बरोबर १० पानं टाका. धुताना पानांखाली गोगलगायीच्या अंड्यांची पारदर्शक लिबलिबीत गादी चिकटलेली नाही ना, ते बघा. ती राहिली तर पंधरा दिवसांनी तुमचं पीक गोगलगाय खाते आणि तुम्ही खताला दोष देत बसता.

वाटीवर मच्छरदाणीचं कापड ताणून रबर लावायचं, हे विसरायचं नाही. एडिसला अंडी घालायला वाटीभर पाणीही चालतं.

दर तिसऱ्या दिवशी एकाच वेळी मोजा. नवं पान टाचणीच्या डोक्याएवढं दिसलं की मोजायचं, असा एक नियम ठरवा आणि महिनाभर बदलू नका. शंभराच्या पुढे डोळे दगा देतात, तेव्हा मोबाईलवर वरून फोटो काढा, मोठा करा आणि मोजलेल्या प्रत्येक पानावर ठिपका द्या. उडून गेलेलं पाणी साध्या पाण्यानं भरत राहा, खत पुन्हा घालू नका. ही सगळी मांडणी जुलै ते फेब्रुवारी या काळात करा. मे का नको, ते पुढे येतं.

पायरी ३: वहीतल्या आकड्यांना बोलतं करा

समजा पहिल्या वाटीचे आकडे दर तीन दिवसांनी असे आले: १०, १८, ३३, ५८, १०२, १६०, २१४, २४०, २४६.

आधी नुसती भर काढा, म्हणजे दर खेपेला किती पानं वाढली: ८, १५, २५, ४४, ५८, ५४, २६, ६. भर वाढत गेली, मधे कळसाला पोचली आणि उतरली. आता त्याच भरीला त्या वेळच्या संख्येनं भागा, म्हणजे दर पानामागे वाढ किती ते कळेल. सुरुवातीला शेकडा ८० च्या आसपास. १०२ पानं असताना शेकडा ५७, १६० ला ३४, २१४ ला १२, आणि २४० ला जेमतेम अडीच.

हे दोन आकडे मुलं सारखे समजतात, आणि सगळा गोंधळ इथेच होतो. एकूण भर सगळ्यात जास्त होती तेव्हा दर पानामागची वाढ आधीच घसरायला लागली होती. पहिले काही दिवस दर पानामागची वाढ जवळपास सारखी राहिली, संख्या साधारण साडेतीन दिवसांत दुप्पट होत होती. याला घातांकी वाढ म्हणतात. इंग्रज अर्थतज्ज्ञ थॉमस माल्थसनं १७९८ मध्ये याच धोक्याकडे बोट दाखवलं होतं: संख्या दुपटीनं वाढते, अन्न तसं वाढत नाही. पुढे १८३८ मध्ये बेल्जियमच्या पिएर फ्रान्स्वा वेरहुल्स्टनं त्याला गणिताचा लगाम घातला. संख्या एका कमाल मर्यादेजवळ जाते तशी दर जिवामागची वाढ कमी होत शून्यावर येते, अशी त्याची मांडणी. त्या मर्यादेला आपण धारणक्षमता म्हणतो.

तुमच्या वाटीची धारणक्षमता आलेखावरून काढा. आडव्या रेषेवर संख्या, उभ्या रेषेवर दर पानामागची वाढ. ठिपके उतरत जातात. त्यांच्यातून पट्टीनं रेषा ओढा आणि ती आडव्या रेषेला जिथे टेकते तो आकडा वाचा. वरच्या उदाहरणात तो २५० च्या आसपास येतो. आणि सगळ्यात मोठी भर, ५८ पानांची, संख्या १०२ वरून १६० वर जाताना झाली, म्हणजे २५० च्या निम्म्याच्या आसपास. मासेमारी असो की चराई, टिकाऊ उत्पन्न निम्म्या भरलेल्या तळ्यातून जास्त मिळतं, काठोकाठ भरलेल्यातून नाही, हा हिशेब इथूनच निघतो.

पायरी ४: अडवतंय कोण, ते पकडा

आता तिन्ही वाट्या शेजारी ठेवून बघा. साध्या पाण्याच्या वाटीत अर्ध्याहून अधिक पाणी मोकळं असताना वाढ थांबली असेल, पानं फिकट आणि मुळं लांब झाली असतील. तिथे जागा शिल्लक होती, अन्न संपलं. सावलीतल्या वाटीत अन्न होतं, उजेड नव्हता. पहिलीत पानं एकमेकांवर चढायला लागली, म्हणजे जागा संपली. तीन वाट्या, तीन वेगळ्या भिंती. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगनं पिकांबद्दल सांगितलेला नियम हाच: ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त तुटवडा, ती वाढ ठरवते. बाकीचं कितीही ओता.

खात्री करायची असेल तर दुसऱ्या वाटीत चमचाभर खताचं पाणी घाला आणि आठवडाभर थांबा. वाढ पुन्हा सुरू झाली तर भिंत अन्नाचीच होती. पहिल्या वाटीतली निम्मी पानं काढून टाका; काही दिवसांत ती पुन्हा भरलेली दिसेल. हा दुसरा प्रयोग मनात पक्का ठेवा, शेवटच्या पायरीत त्याची गरज पडेल.

आता मे महिन्याबद्दल. एका वर्षी हौसेनं मी वाट्या गच्चीवर ठेवल्या होत्या. बाहेर ४५ अंशांच्या पुढे पारा, दुपारी वाटीत बोट घातलं तर पाणी अंघोळीला काढावं इतकं गरम. दुसऱ्या दिवशी सगळी पानं पांढरीफटक. एका वाटीत वीस पानं होती, एकीत दोनशे, दोन्ही सारखीच गेली. हा महत्त्वाचा फरक आहे. अन्न, जागा, रोग, शिकारी ही बंधनं दाटी वाढली की घट्ट होतात आणि दाटी कमी झाली की सैल पडतात. ऊन, पूर, गारपीट दाटी मोजत नाहीत. पहिल्या प्रकारची बंधनं संख्या एका पातळीजवळ धरून ठेवतात. दुसऱ्या प्रकारची तिला अचानक खाली आपटतात.

बंधन उशिरा लागू झालं तर काय होतं, याचं मला सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटाचं आहे. १९४४ मध्ये तिथे २९ रेनडिअर सोडले. शिकारी प्राणी नव्हता आणि खायला दगडफुलाच्या जातीचं लायकेन बेटभर. १९६३ पर्यंत सहा हजार झाले. पण लायकेन अतिशय मंद वाढतं. प्राणी वर्षानुवर्षं मुद्दल खात होते. १९६३-६४ चा हिवाळा कडक निघाला आणि १९६६ मध्ये मोजलं तेव्हा ४२ उरले होते. संख्या धारणक्षमतेपाशी नीट थांबलीच नाही. ती ओलांडून गेली आणि जाताना धारणक्षमताच मोडून गेली.

पायरी ५: दिसत नाही ते मोजा

वाटी संपली की बाहेर पडा. तलावावरची जलपर्णी मोजायला एक मीटरची चौकट पुरते. बांबूच्या चार काड्या बांधून ती चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या दहा जागी ठेवायची, रोपं मोजायची, सरासरी काढायची आणि क्षेत्रफळानं गुणायचं. जागा मनानं निवडल्या की आपण नकळत दाट जागाच निवडतो, म्हणून चिठ्ठ्या. खोल पाण्याच्या काठावर एकट्यानं हे करू नका.

पळणाऱ्या प्राण्यांसाठी खुणेची रीत आहे, आणि ती स्वयंपाकघरात शिकता येते. डब्यात न मोजता हरभरे ओता. त्यातले ४० काढून मार्करनं काळा ठिपका द्या, परत टाका, डबा चांगला हलवा. मग डोळे मिटून ५० काढा. समजा त्यात ८ ठिपकेवाले निघाले. ४० गुणिले ५०, भागिले ८: अंदाजे २५० हरभरे. आता खरे मोजा. फरक किती आला? हीच कृती दहा वेळा करा, अंदाज किती डोलतो ते कळेल. वर्तमानपत्रातला प्राण्यांचा कुठलाही आकडा त्यानंतर तुम्ही वेगळ्या नजरेनं वाचाल.

वाघाला ठिपका द्यावा लागत नाही. प्रत्येकाचे पट्टे वेगळे, म्हणून कॅमेरा ट्रॅपमधला (जंगलात लावलेल्या, आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यातला) फोटो हीच खूण. २००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी गणनेत हाच मार्ग वापरला जातो. पहिल्या खेपेला अंदाज १,४११ वाघांचा होता, २०२२ च्या गणनेत किमान ३,१६७. पूर्वी पंजाच्या ठशांवरून मोजणी होई. त्यात एकच वाघ दोनदा धरला जाण्याची आणि एखादा सुटण्याचीही भीती होती.

पायरी ६: चारही दारं बघा

संख्या बदलायला चारच वाटा: जन्म, मृत्यू, येणं, जाणं. वाटीत फक्त पहिल्या दोन होत्या. डिसेंबरात आपल्याकडच्या तलावांवर पट्टकदंब दिसले तर ते इथे जन्मले नाहीत, हिमालय ओलांडून आले. आणि २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला ‘वॉकर’ नावाचा तरुण वाघ तीन हजार किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. टिपेश्वरच्या वहीत एक वजा झाला, पण वाघ मेला नव्हता. विदर्भातल्या जंगलांमधले जोडमार्ग तोडले तर हे जाणं-येणं बंद होईल आणि प्रत्येक जंगलाची एक बंद वाटी होईल. मला याची खरी काळजी वाटते.

पायरी ७: भिंत हलवा, आकड्याच्या मागे धावू नका

आता शिकलेलं वापरा. कूलरकडे परत येऊ. आमच्या शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, “सर, मी त परवाच पाणी फेकलं होतं, तरी कसे झाले जी डास?” मी विचारलं, “काकू, टाकी घासली होती का?” घासली नव्हती. एडिस अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या ओलसर भिंतीला चिकटवते. पाणी गेलं तरी ती कोरडी अंडी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी आलं की फुटतात. म्हणून दर आठवड्याला एकच वार ठरवा, टाकी रिकामी करा, कडा काथ्यानं किंवा ब्रशनं घासा, खस आणि टाकी उन्हात वाळवा. आठवडाच का? कारण डास व्हायला आठ दिवस लागतात, तुम्ही सातव्या दिवशी साखळी तोडता.

निम्म्या अळ्या गाळून काढण्यानं मात्र भागत नाही. दाटीत वाढणाऱ्या अळ्यांना अन्न कमी पडतं, त्यातल्या बऱ्याच मरतात, उरलेल्यांचे डास खुजे होतात. निम्म्या काढल्या की राहिलेल्यांना पोटभर मिळतं आणि त्यातल्या जास्त जगतात. पहिल्या वाटीतली निम्मी पानं काढल्यावर जे झालं तेच. जिथे पाणी काढताच येत नाही, विहीर किंवा मोठं टाकं, तिथे गप्पी मासे सोडा. शिकारी रोज हजर असतो, आपण आठवड्यातून एकदा.

अंबाझरीसारख्या तलावावर जलपर्णी माजते तेव्हाही गणित हेच. अनुकूल पाण्यात ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. यंत्रानं काढणं गरजेचं आहे, पण तलावात सांडपाणी येत राहिलं तर खताच्या पाण्याची वाटी आपण स्वतःच भरत राहतो. तिची बियाही गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहते. १९८० च्या दशकात भारतात तिच्यावर जगणारे नीओचेटिना भुंगे आणले गेले. ते सावकाश काम करतात, पण जलपर्णीबरोबर त्यांची संख्याही वाढते. नाल्याचं पाणी अडवणं, रोपं काढणं आणि भुंगे, तिन्ही एकत्र हवेत. एकाच उपायावर पैसा घालवू नये, हे माझं ठाम मत आहे.

काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांना कोळशीचा त्रास माहीत आहे. काळ्या माशीच्या पिल्लांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते आणि पानं काजळल्यासारखी होतात. सरसकट तीव्र फवारणी केली की माशीबरोबर तिच्यावर जगणारे परोपजीवी कीटक आणि मित्रकिडेही मरतात. माशी लवकर सावरते, शत्रू उशिरा, आणि पुढच्या नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर, ती पूर्वीपेक्षा जास्त दिसते. फवारणीआधी भिंगातून पानाची खालची बाजू पाहा. पिल्लांच्या कवचाला गोल भोक दिसलं तर परोपजीवी कामाला लागला आहे. तिथे थोडं थांबा आणि कृषी सहायकाशी बोला.

वाचवायचं असेल तरी रीत हीच. एक वाघ वर्षाला साधारण हरणाएवढे ५० प्राणी खातो, आणि ते कळप कमी न होता मिळायला मागे सुमारे ५०० प्राणी लागतात. म्हणून पेंचमध्ये किती वाघ राहतील, हे चितळ-सांबर आणि त्यांचं गवत ठरवतं. गिधाडांची भिंत वेगळीच निघाली. १९९२ ते २००७ दरम्यान भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. अन्न भरपूर होतं, पण त्या अन्नातच, मेलेल्या गुरांच्या शरीरात, डायक्लोफिनॅक हे गुरांना दिलेलं सूज-दुखीचं औषध होतं, आणि ते गिधाडांना विष ठरलं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे इथे डकवीडसारखी उसळी नाही. अशा जातीत एक प्रौढ पक्षी वाचवणं हे अनेक अंड्यांपेक्षा मोलाचं असतं. गुरांना सूज-दुखीचं औषध द्यायची वेळ आली तर पशुवैद्यकाला मेलॉक्सिकॅमच मागा. ते गिधाडांना सुरक्षित ठरलं आहे.

वाट्यांचं काम संपलं की डकवीड तलावात, नाल्यात फेकू नका. कागदावर पसरून वाळवा आणि कुंडीत घाला. वहीचं पुढचं पान कूलरसाठी ठेवा: टाकी घासल्याची तारीख, सातव्या दिवशी टॉर्च मारून दिसलेल्या अळ्या, आणि शेजारच्या तीन घरांचे तेच दोन रकाने.